"नाशिकमध्ये यावर अभ्यास झालेला नाही" हा गॅप नाही: सप्लाय चेनमधला रिसर्च गॅप कसा शोधायचा

माझा पहिला सिनॉप्सिस (पीएचडीच्या संशोधनाचा आराखडा) परत आला तो एका वाक्यामुळे. मी लिहिलं होतं, "नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या सप्लाय चेनवर पुरेसा अभ्यास झालेला नाही." कमिटीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, बरं, मग नाशिकच्या कांद्यात असं काय घडतं जे आत्ताच्या थिअरीला सांगता येत नाही? मला उत्तर देता आलं नाही. सहा महिने गेले, पण तो प्रश्न डोक्यात पक्का बसला, आणि आता कुणीही पीएचडीवालं किंवा एमबीएचं डिझर्टेशनवालं पोरगं आलं की मी पहिला तोच प्रश्न विचारते. सतत तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

आधी गॅप म्हणजे काय ते. लोकांना वाटतं की जिथे पेपर नाहीत ती जागा म्हणजे गॅप. पण निफाडच्या टोमॅटो क्रेटच्या रंगावर पण पेपर नाहीत, म्हणून काय तो विषय होत नाही. गॅप हा एक दावा असतो आणि तो सिद्ध करावा लागतो, म्हणजे आत्तापर्यंत काय कळलंय, ते कुठे तुटतं किंवा अपुरं पडतं, आणि ते तुटल्यामुळे कुणाचं काय अडतं, ह्या तिन्ही गोष्टी दाखवता आल्या तरच तो गॅप. पहिल्या दोन गोष्टी वाचनातून येतात आणि तिसरी बहुतेक वेळा वाचनातून येतच नाही, ती मार्केटमधून नाहीतर शॉप फ्लोअरवरून येते.

म्हणून माझं म्हणणं असं की सुरुवात गूगल स्कॉलरवर करू नका. नाशिकमध्ये बसून तर अजिबातच नको, कारण तासा-दीड तासाच्या अंतरात लासलगाव आणि पिंपळगावचे लिलाव आहेत, दिंडोरी-निफाडची द्राक्षाची पॅकहाऊसेस आहेत, सातपूर, अंबड, सिन्नरच्या एमआयडीसीत मोठ्या गाडी कंपन्यांना पार्ट देणारे शेकडो छोटे व्हेंडर आहेत. एवढ्या वेगवेगळ्या चेन एका जिल्ह्यात हाताशी असताना आपण कुठल्यातरी परदेशी पेपरच्या शेवटच्या परिच्छेदातून विषय उचलतो याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन-तीन आठवडे फक्त ऐका. अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन विचारा की गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला. तो सांगेल, शेड्यूल सोमवारी आलं, गुरुवारी फोन आला की क्वांटिटी अर्धी करा, माल मात्र आधीच कापून झाला होता. ते जसंच्या तसं, त्याच्याच शब्दात वहीत लिहा. माझ्या वहीत अशी चाळीसेक वाक्यं जमली तेव्हा कुठे मला दिसायला लागलं की यातली कुठली फक्त तक्रार आहे आणि कुठल्या मागे खरा प्रश्न आहे.

पुढची पायरी सगळ्यात अवघड आणि तीच लोक वगळतात. त्या तक्रारीला लिटरेचरमध्ये काय नाव आहे ते शोधायचं. चाळीतला, म्हणजे शेतकऱ्याच्या साठवणुकीच्या शेडमधला, कांदा सडतो याला तिकडे "पेरिशेबल इन्व्हेंटरी" किंवा "डिटेरिओरेटिंग आयटम्स" म्हणतात. आठवड्यात तीनदा बदलणाऱ्या शेड्यूलसाठी "शेड्यूल इन्स्टॅबिलिटी" आणि "नर्व्हसनेस" असे शब्द आहेत, आणि ग्राहकाकडचा छोटासा बदल मागे मागे जाताना मोठा होत जातो त्याला "बुलव्हिप इफेक्ट". पेमेंट नव्वद दिवसांनी येतं, ते "ट्रेड क्रेडिट" आणि "सप्लाय चेन फायनान्स" मध्ये शोधा. एकाच त्रासाला तीन-चार नावं असतात आणि एकाच नावाने शोधलं की हमखास वाटतं की इथे कुणी काम केलेलंच नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ "गॅप" फक्त चुकीच्या शब्दामुळे जन्माला आलेल्या असतात, योग्य शब्द टाकला की दोन-तीनशे पेपर समोर येतात.

शोधायचं कुठे हे बहुतेकांना माहीत असतं, स्कोपस, वेब ऑफ सायन्स, गूगल स्कॉलर हे पेपर शोधायचे डेटाबेस. सरकारी संस्थेत असाल तर जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, त्यात ३० मोठ्या प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स मिळतात, त्यामुळे पैसे नाहीत ही अडचण बऱ्याच जणांची संपली. खाजगी कॉलेजवाल्यांनी ओळखीतून, लेखकाला मेल टाकून, नाहीतर प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीची मोफत प्रत) शोधून काम भागवायचं. लेखक मेलला उत्तर देतात, मला बऱ्याच जणांनी दिलंय, लाजू नका.

पहिल्यांदा वाचायचे ते रिव्ह्यू पेपर. विषयाच्या शब्दापुढे "सिस्टिमॅटिक लिटरेचर रिव्ह्यू" जोडून शोधा, एक चांगला रिव्ह्यू तुमचे तीन महिने वाचवतो. उदाहरण म्हणून सॉयरिंग आणि म्युलर यांचा २००८ चा सस्टेनेबल सप्लाय चेनवरचा रिव्ह्यू घ्या, त्यात १९१ पेपर तपासलेत, आणि त्यांचा एक निष्कर्ष असा की बहुतेक काम पर्यावरणाच्या बाजूने झालंय, सामाजिक बाजू खूपच मागे राहिलीय. पण इथे एक खड्डा आहे. २००८ चा गॅप २००८ चा असतो. तो वाचून "सामाजिक बाजू दुर्लक्षित आहे" असं आज लिहाल तर परीक्षक लगेच ओळखेल, कारण त्यानंतर कामगार, मजुरी, सप्लायर ऑडिट यावर ढीगभर लिहून झालंय. म्हणून कुठलाही गॅप एखाद्या पेपरमध्ये वाचला की त्या पेपरखालच्या "साइटेड बाय" (त्याचा संदर्भ देणारे नंतरचे पेपर) वर क्लिक करायचं आणि पुढच्या वर्षांत तो कुणी भरला का ते बघायचं. मागे जायला पेपरची रेफरन्स लिस्ट आणि पुढे जायला साइटेड बाय, ही दोन्ही कामं वीस-पंचवीस मुख्य पेपरवर केली की साधारण चित्र हातात येतं. कधी थांबायचं? नवीन पेपर उघडल्यावर त्यातली नावं, थिअरी, पद्धत सगळं ओळखीचं वाटायला लागलं, नवीन काही मिळेनासं झालं, की थांबा.

वाचताना एक तक्ता करा, एक्सेलमध्ये साधा. वेबस्टर आणि वॉटसन यांनी २००२ मध्येच सांगून ठेवलंय की आढावा लेखकांच्या क्रमाने लिहायचा नसतो, संकल्पनांच्या क्रमाने लिहायचा असतो, आणि त्यासाठी मॅट्रिक्स करायचं. आडव्या ओळीत पेपर आणि उभ्या रकान्यात काय काय ते मी माझ्या पद्धतीने ठरवलंय: निर्णय कोण घेतंय, डेटा कुठला आणि कुठल्या पातळीचा, पद्धत, थिअरी, काय सापडलं, आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, लेखकाने काय गृहीत धरलंय. हा रकाना भरायला त्रास होतो कारण गृहीतक कुणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही, मॉडेलच्या भागात एका ओळीत असतं नाहीतर लिहिलेलंच नसतं. पण माझा अनुभव असा की दमदार गॅप याच रकान्यातून निघतो. अल्वेसन आणि सँडबर्ग यांचा २०११ चा लेख याच मुद्द्यावर आहे, नुसती रिकामी जागा शोधत बसण्यापेक्षा सगळे जे गृहीत धरतायत त्यालाच प्रश्न विचारा असं ते म्हणतात. तो लेख प्रत्येकाने एकदा वाचावा.

आता माझंच उदाहरण नीट सांगते, कारण ते सगळं यात येतं. कमिटीच्या प्रश्नानंतर मी परत कांद्याकडे गेले. इन्व्हेंटरी (मालसाठा) थिअरीचं मूळ १९१३ मध्ये हॅरिसने मांडलेल्या ऑर्डर क्वांटिटीच्या सूत्रात आहे, पुढे १९६३ मध्ये घरे आणि श्रेडर यांनी साठा ठेवता ठेवता कमी होत जाणाऱ्या मालाचं मॉडेल केलं, आणि १९८२ मध्ये नामियास यांनी नाशवंत मालावरच्या सगळ्या कामाचा आढावा घेतला. हे वाचताना मी तक्त्यात गृहीतकं लिहीत गेले. माल ठेवणारा हा खरेदी करणारा आहे, तो पुन्हा पुन्हा ऑर्डर देऊ शकतो, किती माल शिल्लक आहे ते त्याला माहीत आहे, आणि सडण्याचा दर त्याला अंदाजे ठाऊक आहे. आणि आता निफाड किंवा चांदवडच्या शेतकऱ्याची चाळ डोळ्यासमोर आणा. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये एकदाच चाळीत पडतो, परत भरता येत नाही. प्रश्न किती मागवू हा नसतोच, आज किती काढू हा असतो. चाळीच्या मधल्या भागात मोड आलेत का, काजळी धरलीय का, वजन किती घटलंय हे उकरल्याशिवाय कळत नाही, आणि उकरलं की हाताळणीने अजून नुकसान होतं म्हणून कुणी उगाच उकरत नाही. वर खरीपाच्या पेरणीला पैसे लागतात, पोराची फी असते, त्यामुळे भाव बघून काढायचं ठरवलं तरी गरज बघून काढावं लागतं. म्हणजे चारपैकी एकही गृहीतक धड लागू पडत नाही. मला वाटलं, झालं, सापडला गॅप.

मग माझ्या गाईड सरांनी विचारलं, शेजारच्या बांधावर बघितलंस का? म्हणजे ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स. मी बघितलं नव्हतं. शेतकरी माल का धरून ठेवतो आणि का लगेच विकतो यावर तिकडे अनेक दशकांचं काम पडलेलं आहे. बर्क, बर्गक्विस्ट आणि मिगेल यांचा २०१९ चा केनियातला अभ्यास आहे, त्यात मक्याच्या शेतकऱ्यांना काढणीच्या वेळी कर्ज दिलं तर ते माल धरून ठेवून पुढे जास्त भावात विकू शकतात असं दिसलं. पैशाची गरज हा भाग तिथे आधीच आला होता. हे वाचून माझा अर्धा गॅप गेला आणि ते फार चांगलं झालं, कारण व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) गेला असता तर काय झालं असतं. जे उरलं ते जास्त टोकदार होतं. मका महिनोन् महिने टिकतो, कांदा चाळीत डोळ्याआड सडतो, म्हणजे आपल्याच साठ्याची खरी स्थिती माहीत नसताना निर्णय, आणि त्यात निर्यातबंदी, शुल्क अशा सरकारी निर्णयाची अनिश्चितता. हे दोन एकत्र आले की माणूस कसा ठरवतो, हा प्रश्न दोन्ही बांधांच्या मधे पडला होता. आज या विषयावर कुणी काम करणार असेल तर हा उरलेला भाग परत तपासून घ्या, मधल्या काळात कुणी भरला असेल तर मला आनंदच आहे.

तर सप्लाय चेनवाल्यांनी शेजार बघायचा म्हणजे कुठे? शेतमाल असेल तर ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स आणि पोस्ट हार्वेस्ट टेक्नॉलॉजी, वाहतूक असेल तर ट्रान्सपोर्टेशन सायन्स, पेमेंट असेल तर फायनान्स, सप्लायरशी नातं असेल तर मार्केटिंगमधलं चॅनल लिटरेचर. तिथे किमान एक रिव्ह्यू वाचल्याशिवाय "कुणी अभ्यास केला नाही" हे वाक्य लिहू नका.

गृहीतकातून निघणारा गॅप हा पहिला प्रकार झाला. दुसरा प्रकार मला फार आवडतो, दोन चांगले पेपर एकमेकांच्या विरुद्ध बोलतात तो. बुलव्हिपच घ्या. १९९७ मध्ये ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी त्याची चार कारणं मांडली: मागणीचा अंदाज बदलत राहणं, ऑर्डर साठवून एकदम देणं, किमतीतले चढउतार, आणि टंचाईत मुद्दाम जास्त मागवणं. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, काशॉन, रँडल आणि श्मिट यांनी अमेरिकेतल्या उद्योगांच्या पातळीवरचा डेटा तपासला आणि म्हणाले की बहुतेक उत्पादन उद्योगांत तर हा परिणाम दिसतच नाही. मग २०१२ मध्ये ब्रे आणि मेंडेलसन यांनी ४,६८९ कंपन्यांचा डेटा घेतला आणि त्यांना साधारण दोन तृतीयांश कंपन्यांत तो दिसला. कोण चूक? कुणीच चूक नाही. पूर्ण उद्योगाची बेरीज केली की एका कंपनीचा चढ आणि दुसरीचा उतार एकमेकांत मिसळून सपाट होतात, कंपनी वेगळी काढली की दिसतो. इथे थांबून स्वतःला विचारा, मग अजून एक पायरी खाली गेलं तर? कंपनीऐवजी एक पार्ट नंबर घेतला तर, किंवा शेअर बाजारात नाव नसलेला, वीस माणसांचा अंबडचा टिअर टू व्हेंडर (कंपनीच्या सप्लायरला माल देणारा) घेतला तर, ज्याला शेड्यूल मेलवर येतं आणि त्यातला बदल व्हॉट्सॲपवर? ब्रे-मेंडेलसन यांच्या डेटात फक्त लिस्टेड कंपन्या होत्या, असला व्हेंडर त्यात असूच शकत नाही. असा प्रश्न घेऊन कमिटीसमोर गेलात तर "नाशिक का" याचं उत्तर आपोआप तयार असतं, कारण त्या पातळीचा डेटा तिथे मिळतो.

तिसरा म्हणजे जग बदललं आणि जुनी उत्तरं लागू पडतात का ते तपासायचं राहिलं. यात घाई फार होते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरमध्ये ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकलं. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रातली वाट धोक्यात आली आणि पुढच्या सीझनला युरोपला जाणारे द्राक्षाचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले. ह्या घटना म्हणजे गॅप नव्हेत. "तांबड्या समुद्राच्या संकटाचा द्राक्षावर परिणाम" हा वर्तमानपत्राचा विषय झाला. रिसर्चचा प्रश्न असा होईल: रेझिलियन्सचं, म्हणजे धक्का बसला तरी चेन सावरण्याचं, लिटरेचर सांगतं की पर्यायी सप्लायर, जास्तीचा साठा आणि लवचिक मार्ग ठेवा. पण द्राक्षाचा जास्तीचा साठा ठेवता येत नाही, सीझन तीन-चार महिन्यांचा, आणि प्रवास लांबला तर माल तोच पण शेल्फ लाइफ कमी. मग ह्या चेनमध्ये रेझिलियन्स नेमका कशात असतो? छाटणीच्या तारखेत, व्हरायटीत, की युरोपऐवजी आखाताकडे वळवण्यात? इथे थिअरीला काहीतरी विचारलं जातंय, फरक दिसतो ना.

असंच एमआयडीसीवाल्यांसाठी, २०२३ च्या फायनान्स ॲक्टने इन्कम टॅक्समध्ये एक कलम आणलं की मायक्रो आणि स्मॉल सप्लायरचे पैसे मुदतीत, म्हणजे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला मिळत नाही. ट्रेड क्रेडिटच्या थिअरीत पैसे कधी द्यायचे हे मुख्यतः दोघांच्या ताकदीवर ठरतं. आता मधे कायदा आला. छोट्या व्हेंडरला पैसे लवकर मिळाले, की मोठ्या कंपनीने ऑर्डरच मध्यम आकाराच्या व्हेंडरकडे वळवली? आधी आणि नंतर अशी तुलना करता येते, हा मोठा फायदा.

फसायच्या जागा थोडक्यात. ब्लॉकचेन, एआय असे शब्द लावून "द्राक्ष सप्लाय चेनमध्ये ब्लॉकचेन" करू नका, जोपर्यंत २००६ पासून चालू असलेल्या ग्रेपनेटने, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षाचा माग बागेपर्यंत काढणाऱ्या सिस्टिमने, काय जमलं आणि काय नाही हे माहीत नाही. २०१० मध्ये युरोपात रेसिड्यूवरून (फवारणीच्या औषधाच्या उरलेल्या अंशावरून) आपली द्राक्षं अडकली तेव्हा ग्रेपनेट होतंच. व्हॉसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरने काढलेला पेपरांमधल्या शब्दांचा रंगीत नकाशा छान दिसतो पण तो शब्द किती वेळा एकत्र आले एवढंच सांगतो, त्यातली पांढरी जागा म्हणजे गॅप नाही. चॅटजीपीटीला गॅप विचारलात तर तो आत्मविश्वासाने देईल, आणि अस्तित्वात नसलेले पेपर पण देईल, म्हणून एकूण एक रेफरन्स स्वतः उघडून बघा. अशी तीन खोटी साइटेशन पकडली गेल्यामुळे एका मुलीचं अख्खं वर्ष गेलेलं मी पाहिलंय.

गॅप हाताशी आला असं वाटलं की तो तीन वाक्यांत लिहा, पानभर नको. माझं असं झालं होतं: नाशवंत मालाच्या इन्व्हेंटरी थिअरीत साठा ठेवणाऱ्याला साठ्याची स्थिती माहीत असते आणि तो पुन्हा माल भरू शकतो. चाळीत कांदा ठेवणाऱ्याला ती स्थिती माहीत नसते आणि परत माल भरताही येत नाही, आणि त्याच्या विक्रीच्या निर्णयावर झालेलं काम टिकाऊ धान्यापुरतं आहे. त्यामुळे साठवणुकीची अनुदानं आणि सल्ले ज्या मॉडेलवर दिले जातात ते मॉडेल त्याचा निर्णय चुकीचा ओळखतं. प्रत्येक वाक्यावर "कशावरून?" विचारा आणि समोर तीन पेपर ठेवता आले पाहिजेत. दुसऱ्या वाक्यासाठी तर खास, कारण परीक्षक तिथेच बोट ठेवतो.

मग शोधगंगावर बघा, तिथे जमा झालेले प्रबंध मिळतात, आणि शोधगंगोत्रीवर पण, हे फार कमी जणांना माहीत असतं, तिथे मंजूर झालेले सिनॉप्सिस असतात म्हणजे काम अजून चालू असलेले लोक सापडतात. कुणी तुमच्याच विषयाच्या जवळ दिसलं तर घाबरून विषय सोडू नका, त्यांना लिहा, बहुतेक वेळा प्रश्न वेगळा निघतो. डेटा मिळेल का हे पण आत्ताच बघायचं, नंतर नाही. बाजार समितीची आवक आणि भाव मिळतात, पण कुठल्या शेतकऱ्याने किती धरून ठेवलं हे कुठल्याही वेबसाइटवर नाही, ते चाळीवर जाऊनच मोजावं लागतं. कंपनीचा शेड्यूल डेटा हवा असेल तर व्हेंडरकडून घ्या, मोठ्या कंपनीच्या परवानगीत वर्ष जातं. स्कॉलरवर तुमच्या मुख्य शब्दांचा अलर्ट लावून ठेवा आणि थीसिस जमा करायच्या महिनाभर आधी सगळा शोध परत एकदा करा.

आणि ती तीन वाक्यं मराठीत करून ज्याचा प्रश्न आहे त्याला वाचून दाखवा. लासलगावला जाणार असाल तर लिलाव सुरू व्हायच्या आधी पोचा, ट्रॅक्टर रांगेत लागलेले असतात आणि माणसं वाट बघत बसलेली असतात, तेव्हा मनापासून बोलतात. एकदा बोली लागली की वजनकाटा, खळ्यावर माल खाली करणं, हिशोबपट्टी घेणं, परत घर गाठणं, मग कुणाला वेळ नसतो. मी माझी तीन वाक्यं तिथेच एका काकांना वाचून दाखवली होती, ते म्हणाले, "ताई, माहीत नसतं असं नाही, वास येतो ना." मी घरी येऊन दुसऱ्या वाक्यातलं "माहीत नसते" खोडलं आणि "उशिरा आणि अर्धवट कळते" असं केलं.